ट्रंकताईची निवळटाकी

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट एक बाई सांभाळायची. कपड्यांच्या लोखंडी ट्रंकेवर बसल्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, म्हणून तिचं नाव ट्रंकताई पडलं. खुर्ची दिली तर म्हणायची, "खुर्चीवर बसून टाका तिरका जातो." तिचा टाका तिरका गेलेला मी तरी कधी पाहिला नाही, तेव्हा ट्रंकेचं श्रेय ट्रंकेला दिलं पाहिजे.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती मुख्य पोशाख रंगमंचावर टांगून ठेवायची आणि रिकाम्या थिएटरातून चालत थेट शेवटच्या रांगेपर्यंत जायची. तिथून डोळे बारीक करून बघायची. मग खणखणीत आवाजात निकाल यायचा, "काही दिसत नाही!" लगेच परत येऊन कॉलरला जरीची आणखी एक पट्टी, मग आणखी एक. मी तिच्या कपड्यांत आयुष्यभर राजे केले. विंगेत उभा असताना मी सजवलेल्या घोड्यासारखा दिसायचो, पण मागच्या रांगेतून मी राजाच होतो. "जवळून बघणारे फुकटे असतात," असं ती म्हणायची, "तिकीट मागे बसलेल्याने काढलेलं असतं." ही सवय तिच्या हाडात इतकी मुरली होती, की घरात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या टॉवेलवरची फुलंसुद्धा अंगणाच्या फाटकातून ओळखू यायची.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे पांगलो. ट्रंकताईचा नवरा आमच्या सामानाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याने घरामागची जागा घेतली. तिथे पूर्वी वीटभट्टी होती आणि मातीसाठी खणलेला एक मोठा खड्डा राहिला होता. त्या खड्ड्यात त्याने पाणी भरलं आणि तिलापिया जातीचे मासे सोडले. नाटकवाल्यांपैकी पोटापाण्याचं शहाणपण दाखवणारा तो एकटाच. पुढे तो गेला आणि तळं ट्रंकताईच्या हाती आलं. रोज सकाळी ती काठावर उभी राहून खाद्य टाकायची, तेव्हा मासे वर यायचे आणि पाणी खळबळायचं. "बघा, अजून पडदा वर गेला की टाळ्या पडतात," असं मला म्हणायची. मी तोवर तिच्याच घराच्या बाजूच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहायला आलो होतो. ती मला राजेसाहेब म्हणते. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याचा शोध मी कधी घेतला नाही.

तळ्याची एकच अडचण होती. खड्डा विटांच्या मातीचा. ती माती इतकी बारीक, की एकदा पाण्यात मिसळली की खाली बसायचं नावच घेत नाही. शिवाय मासे तळ उकरतात आणि त्यांची घाण त्यात भर घालते. त्यामुळे अधूनमधून तळ्यातलं थोडं पाणी काढून ताजं भरावं लागतं. काढलेलं पाणी दुधाच्या चहासारखं दिसायचं. ते कुंपणाखालच्या ओहोळात जायचं आणि ओहोळ जायचा खालच्या अंगाला असलेल्या लॉन्ड्रीकडे.

लॉन्ड्री कोणाची? ट्रंकताईच्या व्याह्यांची. तिच्या एकुलत्या एका मुलीचे सासरे. मुलगी त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभी असायची आणि दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, की ओहोळाच्या काठाकाठाने चालत आईकडे यायची. मायलेकी मागच्या पायरीवर बसून चहा प्यायच्या. चहा होईपर्यंत मुलगी सासरच्या कागाळ्या सांगायची आणि चहा संपेपर्यंत सासरचं कौतुक करून त्या मागे घ्यायची. हा कार्यक्रम मी खिडकीतून ऐकत असे. तिकीट न काढता.

व्याही ओहोळाचं पाणी पंपाने टाकीत घ्यायचे. हॉटेलांच्या आणि दवाखान्याच्या पांढऱ्या चादरी हा त्यांचा मुख्य धंदा. पाण्यात माती आली की चादर धुऊन पिवळट निघायची. त्यांनी आधी निरोप पाठवला, मग स्वतः आले.

"विहीणबाई, तुमचे मासे माझ्या चादरींत पोहायला लागलेत."

"मासे कुठेही पोहोत, वास तर येत नाही ना?"

"वासाचं काढू नका. परवा एक गिऱ्हाईक चादर हुंगून विचारत होतं, आज मेनूत काय आहे."

यावर हसून सोडून द्यायचं होतं. पण ट्रंकताईला शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलायची सवय. ती म्हणाली, "माझे मासे निदान पाण्यात राहून ओले आहेत. तुमच्याकडच्या चादरी दोन दिवस वाळत घालूनही ओल्या येतात!" आणि हे तिने फाटकात म्हटलं. रस्त्यावर दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली. व्याह्यांचा चेहरा इतका उतरला, की मलाच खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

त्यानंतर मुलगी यायची बंद झाली. कोणी अडवलं नव्हतं. तिने फोनवर आईला स्वतःच सांगितलं, "तुझं बोलणं ते विसरत नाहीत आणि त्यांचं तोंड बघून मला घास उतरत नाही. तुमचं मिटू दे, मग येईन." थोड्या दिवसांनी जावयाकडून आणखी एक बातमी कळली. शहराच्या दुसऱ्या टोकाला नळाच्या पाण्याची सोय असलेली एक जागा व्याही बघून आले होते. ओहोळाचं पाणी असंच राहिलं, तर लॉन्ड्री तिकडे हलणार आणि लॉन्ड्रीबरोबर घरही.

ट्रंकताईने त्या दिवशी माशांना दोनदा खाद्य टाकलं. मी म्हटलं, "अहो, आत्ताच टाकलंत." ती म्हणाली, "हो का?" आणि डबा हातात तसाच धरून पायरीवर बसली. दोन बस बदलून कोण चहाला येणार आहे? तिने हे बोलून दाखवलं नाही, पण आम्हा दोघांनाही तोच हिशेब समोर दिसत होता.

आधी तिने सगळे करतात ते केलं. तुरटी आणली. पाणी निवळलं, पण ते परत तळ्यात घेतलं तेव्हा मासे सुस्तावले, खाद्याला वर येईनात. "टाळ्याच पडल्या नाहीत," असं म्हणून ती मत्स्य विभागाच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाई फार चांगल्या. वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्या स्वतः तळ्यावर आल्या, पाण्यात एक कागदाची पट्टी बुडवून म्हणाल्या की इथलं पाणी हलकं आहे, त्यात क्षार कमी, तुरटीने लगेच आंबट होतं, ते माशांना झेपत नाही. मग कुंपणाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे शेवगे तुमचेच का?"

कुंपणाला शेवग्याची पाच-सहा झाडं होती. वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. बाईंनी एक शेंग फोडली, बी सोललं आणि आतला पांढरा गर दाखवला. हा गर दळून पाण्यात खळखळून हलवायचा, ते पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि गढूळ पाण्यात घालायचं. मातीचे सुटे कण त्याला चिकटतात, एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली बसतात. गाळ भाजीच्या वाफ्यात घालता येतो. "फक्त दोन गोष्टी सांभाळा," बाई म्हणाल्या. "हे तळ्यात थेट घालायचं नाही. जास्त झालं तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो. वेगळ्या टाकीत निवळा आणि मगच पुढे सोडा. आणि दुसरं, रोजचं पाणी रोज वेगळं असतं. रोज आधी बरण्यांत करून बघायचं."

त्या काचेच्या बरण्या मग स्वयंपाकघराच्या खिडकीत रांगेने उभ्या राहिल्या. सगळ्यांत तळ्याचं पाणी सारखं, बियांचं पाणी मात्र चढत्या क्रमाने. जी बरणी सगळ्यांत कमी औषधात निवळली, तिच्या मापाने टाकीत घालायचं. घराशेजारी पूर्वी विटा भिजवायची सिमेंटची टाकी होती. ती धुऊन घेतली आणि तिचं नाव ठेवलं निवळटाकी. गाळायला फडकं हवं होतं. ट्रंकताईने ट्रंक उघडली आणि माझ्या एका जुन्या अंगरख्याचं मलमलीचं अस्तर उसवून काढलं. मी जरा कुरकुरलो.

"काय हे, मी यात गादीवर बसलो होतो."

"बसला होतात ना? मग आता उठा आणि हे धरा."

ढवळायचं काम माझ्याकडे आलं. लांब काठीला फळी ठोकून तिने वल्हं केलं होतं. आधी जोरात ढवळायचं, म्हणजे औषध सगळीकडे पोचतं. मग एकदम हळू, म्हणजे धरलेले कण तुटत नाहीत. माझं हळू तिला कधीच पुरेसं हळू वाटायचं नाही. "राजेसाहेब, लढाई संपली," ती काठावरून ओरडायची, "आता वियोगाचा प्रवेश आहे. पाय ओढत चला!" मी पाय ओढत चालायचो, म्हणजे वल्हं तसं चालवायचो, आणि खरंच, थोड्या वेळाने पाण्यात बर्फाच्या भुग्यासारखे पुंजके दिसायला लागायचे. ते सावकाश खाली उतरायचे. मग वरचं स्वच्छ पाणी वाळूच्या थरातून ओहोळात. हे मला अजूनही बघायला आवडतं. रंगमंचावर इतका चांगला धूर आम्हाला कधी सोडता आला नाही.

असं काही दिवस नीट चाललं. ओहोळाच्या तळाचे खडे दिसायला लागले. मग ट्रंकताईने मला व्याह्यांकडे पाठवलं. ते हिशेब सोडून उठले नाहीत, पण ऐकून घेतलं.

"महाराज, चार दिवस पाणी बरं आलंय हे मी बघतोय," ते म्हणाले. "पण चार दिवसांवर माझा धंदा चालत नाही. त्या जागेवाल्याला मला सोमवारी उत्तर द्यायचंय. रविवारी येतो. ते पाणी कसं निवळतं, ते माझ्यासमोर करून दाखवा."

इस्त्रीच्या टेबलावरून मुलीने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उशीच्या अभ्र्यावर मान घातली. इस्त्री मात्र एकाच जागी फिरत राहिली.

रविवारी ट्रंकताई उजाडताच उठली. अंगण झाडलं, काठावरच्या विटा धुतल्या, ठेवणीतली साडी नेसली. व्याही यायच्या आधी टाकीभर पाणी निवळून तयार ठेवायचं, ते दाखवून सोडायचं आणि टाकी पुन्हा भरून त्यांच्यासमोर निवळायची, असं ठरलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा ती टाकीत बियांचं पाणी ओतत होती. एक बादली. मग दुसरी.

"आज बरण्या लावल्या नाहीत?" मी विचारलं.

"रोजच तर लावते. आज माणूस पहिल्यांदा बघायला येतोय. पाणी असं पाहिजे, की फाटकातून तळ दिसला पाहिजे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ही जरीची आणखी एक पट्टी होती. पण इतकी वर्षं त्या पट्ट्या अंगावर घालून मिरवलेल्या माणसाला त्यात चूक कशी दिसणार? मी वल्हं उचललं.

ढवळून झालं. आम्ही थांबलो. पुंजके आलेच नाहीत. मातीचा तपकिरी रंग फिका झाला आणि त्याऐवजी सगळी टाकी तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी दिसायला लागली. पाणी गढूळच, तळ नाही, काही नाही. ट्रंकताईने वाकून बघितलं, ओंजळीत घेतलं, सोडलं. तिचा चेहरा पाण्यापेक्षा पांढरा होता.

"ताडपत्री टाकू या वर," मी म्हटलं. "टाकी दुरुस्तीला काढली म्हणून सांगू." नाटकात काही बिघडलं की पडदा पाडायचा, एवढंच मला येतं.

"आणि सोमवारी काय सांगायचं?" ती म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. व्याही पुढे आणि त्यांच्यामागे मुलगी. इतक्या दिवसांनी ती आईच्या अंगणात पाऊल टाकत होती आणि आई तिच्याकडे न बघता टाकीसमोर उभी होती, जणू पदराने टाकी झाकता येणार होती.

व्याह्यांनी तिला वळसा घातला आणि आत बघितलं.

"हे निवळलेलं?"

"नाही," ट्रंकताई म्हणाली. "हे बिघडलेलं. रोज बरण्या लावून माप काढते. आज तुम्ही येणार म्हणून दुप्पट ओतलं."

"दुप्पट का?"

"लांबून दिसावं म्हणून."

मुलीने कपाळाला हात लावला. "आई! माझ्या लग्नात तू मला जो शालू नेसवलास, तो पेलताना मी दोनदा पडले होते. तुला थांबायचं कुठे ते कळत नाही का गं?"

"तेव्हा फोटो किती छान आलेत ते बघ ना."

"फोटोत मी दिसतच नाही, जरच दिसते!"

मला वाटलं व्याही आता वळून चालू पडणार. पण ते टाकीच्या कठड्यावर टेकले आणि खाकरले. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि ते आम्हाला दाखवायचंही नव्हतं.

"लॉन्ड्री काढली तेव्हा," ते म्हणाले, "पहिलंच मोठं हॉटेल मिळालं होतं. चादरी अशा पांढऱ्या करीन की डोळे दिपतील, म्हणून मी निळीचा अख्खा डबा टबात ओतला. चादरी निघाल्या आभाळासारख्या. हॉटेलवाला म्हणाला, ढग पण काढून द्या."

"मग काय केलंत?" ट्रंकताईने विचारलं.

"टबात पाणी तसंच ठेवलं आणि घरातले, शेजारचे, सापडतील ते सगळे कपडे त्यात टाकले. जास्तीची नीळ वाटली गेली. मग चादरी साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खंगाळल्या. आमच्या गल्लीतली सगळी माणसं महिनाभर निळसर फिरत होती."

ट्रंकताई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. मग ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि बरण्या घेऊन बाहेर आली. मुलीच्या हातात दोन कोंबल्या.

"यात टाकीतलं भर. आणि त्यात तळ्यातलं गढूळ घाल. एकीत थोडं, एकीत जास्त. एकीत काहीच नको."

"गढूळ? अगं, स्वच्छ करायचंय ना?"

"त्या औषधाला धरायला माती कमी पडली गं! कपडे कमी आणि नीळ जास्त. तसंच रिकामं फिरतंय ते पाण्यात. घाल माती."

तीन बरण्या कठड्यावर उभ्या राहिल्या. मुलगी पळीने एकेक ढवळत होती, आधी जोरात, मग हळू. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर आईने रोजचं रडगाणं ऐकवलं असणार, त्यात आलं असेल. मी चहा करून आणला. व्याही चहा पिताना बरण्यांवरून नजर काढत नव्हते. कप रिकामा झाला तरी तोंडाला लावत होते.

नुसत्या पांढुरक्या पाण्याची बरणी तशीच राहिली. थोडं गढूळ घातलेल्या बरणीत किंचित फरक पडला. तिसरीत पुंजके धरले. आम्ही चौघंही बघत होतो आणि ते पुंजके एकामागून एक खाली उतरत होते. वरून खालपर्यंत पाणी मोकळं होत गेलं. पलीकडे उभ्या असलेल्या मुलीच्या बांगड्या बरणीतून दिसायला लागल्या.

"हेच माप," ट्रंकताई म्हणाली.

मग तळ्यातून पाइप टाकीत सोडला. मी वल्ह्याकडे हात नेला, पण ते व्याह्यांनी आधीच उचललं होतं. आयुष्यभर टबात कपडे ढवळलेला माणूस तो, जोरात ढवळायला काही शिकवावं लागलं नाही. हळू ढवळायला मात्र लागलं.

"हळू हो, व्याहीबुवा. आणखी हळू."

"आणखी हळू म्हणजे थांबलोच की, विहीणबाई."

"थांबू नका. पाय ओढत चला."

"तुमच्या महाराजांसारखं?"

"त्यांच्याहून बरं जमतंय तुम्हाला," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीवर असं पाणी पडलेलं मी निमूट सहन केलं. मग वल्हं थांबल्यावर, टाकीकडेच बघत ती म्हणाली, "त्या दिवशी फाटकात मी जास्तच बोलले."

"हो," व्याही म्हणाले. "तेही दुप्पटच झालं होतं."

टाकी निवळायला वेळ लागणार होता. व्याही थांबले नाहीत. जाताना त्यांनी ती तिसरी बरणी मागून घेतली आणि दोन्ही हातांत धरून, न हिंदकळवता, ओहोळाच्या काठाने चालत गेले. मुलगी त्यांच्यामागून गेली. ती येणार की नाही, हे ती बोलली नाही आणि आईने विचारलं नाही. संध्याकाळी टाकीचा तळ दिसला. सिमेंटवर बसलेला गाळाचा थर आणि वर मोकळं पाणी. ट्रंकताईने बघितलं आणि बिया सोलायला बसली, उद्यासाठी.

सोमवारी दुपारी मी खिडकीत होतो. ओहोळाच्या काठाने मुलगी येताना दिसली. हातात घडी केलेला एक पांढरा अभ्रा होता.

"बाबांनी काल तुमच्या बरणीतल्या पाण्यात स्वतः धुतला," ती म्हणाली. "साबणही थोडाच लावला. सकाळी वाळल्यावर उन्हात धरून बघितला, मग मला म्हणाले, इस्त्री कर आणि आईला नेऊन दे."

"आणि जागेवाला?"

"त्याला फोन केला. नको म्हणाले." मग ती पायरीवर बसली. "पण एक अट आहे. बरण्या लावल्याशिवाय एक थेंब ओहोळात सोडायचा नाही. रविवारी तर मुळीच नाही."

ट्रंकताईने अभ्रा उलगडला, अंगणातल्या दोरीवर दोन चिमट्यांनी टांगला आणि पदर खोचून चालायला लागली. तळ्याच्या काठाने, शेवग्यांच्या पलीकडे, पार कुंपणाच्या टोकापर्यंत. तिथे वळून तिने डोळे बारीक केले. आम्ही दोघं पायरीवर वाट बघत बसलो. चहा निवत होता.

"डाव्या कोपऱ्यात इस्त्री नीट फिरलेली नाही!" तिकडून खणखणीत आवाज आला.

"आई, तिथून दिसतंय का तेवढं?" मुलगी ओरडली. "ये आता, जवळून बघ!"